अडलेला शब्द



२७ जून २०२४, गुरुवारची रात्र. अमेरिकेतील अटलांटा शहरात, प्रेक्षक नसलेल्या एका दूरचित्रवाणी दालनात अध्यक्षपदाचे दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले. जो बायडेन ८१ वर्षांचे, डोनाल्ड ट्रम्प ७८ वर्षांचे. बायडेन यांचा आवाज बसलेला होता. एका उत्तरात त्यांच्या वाक्याचा धागा सुटला. ते शब्द शोधत राहिले, आणि अखेरीस आपण मेडिकेअरला हरवले असे भलतेच काहीतरी त्यांच्या तोंडून निघून गेले. मेडिकेअर ही तेथील पासष्टीपुढील नागरिकांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना. एका वृद्धाने वृद्धांच्याच आधाराला हरवल्याची घोषणा करावी, यात विनोद होता हे नाकारता येणार नाही.

कार्यक्रम संपण्यापूर्वीच लाखो फोनांवरून हशा सुरू झाला. डुलक्या, विसरभोळेपणा, वृद्धाश्रम, लंगोट, काहीही वर्ज्य नव्हते. एका प्रतिष्ठित ब्रिटिश साप्ताहिकाने तर मुखपृष्ठावर अध्यक्षीय मुद्रा लावलेला वॉकर छापला. तुमच्यापैकी कित्येकजण आज वॉकर वापरत असतील. खुब्याचे हाड मोडण्यापासून वाचवणारे ते साधे, उपकारक साधन. त्या सप्ताहात मात्र ते नालायकीचे चिन्ह ठरले. ट्रम्प यांच्या विरोधकांनीही काही निराळे केले नाही. त्याच वर्षी जानेवारीत एका भाषणात ट्रम्प यांनी नॅन्सी पेलोसी यांच्या जागी निक्की हेली यांचे नाव पुन:पुन्हा घेतले होते. ती चित्रफीत या बाजूने तितक्याच उत्साहाने फिरवली गेली.

हे सारे आपल्या पाक्षिकात कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कारण त्या हशाचा एक तुकडा माझ्या तपासणीच्या खोलीत आला.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वय ७९. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्या वर्षी मे महिन्यात ते पत्नीसह न्यू जर्सीला कन्येकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेले. कन्या एका पक्षाची, जावई दुसऱ्या. दोघांनाही तेथे मताधिकार. रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर रोज प्रचारसभा भरे. सरांना प्रथम मौज वाटली. वादविवादाच्या रात्री ते जागे राहिले आणि आलेले विनोद त्यांनी स्वत:च इकडच्या मित्रमंडळींना पाठवले. हे त्यांनी मला नंतर काहीशा खजील स्वरात सांगितले.

जुलैच्या अखेरीस, तोपर्यंत बायडेन यांनी उमेदवारी मागे घेतली होती, सर जेवताना नातवाला आपल्या पहिल्या नोकरीची हकीकत सांगत होते. खेडची शाळा, आषाढातला पाऊस, दुथडी भरून वाहणारी नदी. त्या नदीचे नाव आठवेना. हात हवेत तसाच राहिला. पंधरा वर्षांचा नातू हसून म्हणाला, "आजोबांचा पण बायडेन झाला!" सगळे हसले. सरही हसले.

त्या दिवसापासून सर गोष्टी सांगेनासे झाले. आधी आजींच्याही ध्यानात आले नाही. मग दिसू लागले की बहिणीचा फोन आला की ते दोन वाक्यांत आटोपते घेतात, शब्दकोडे उघडत नाहीत, कोणी काही विचारले तर "तिला विचार" म्हणून आजींकडे बोट दाखवतात. शब्द अडण्याची भीती वाटणाऱ्या माणसाने बोलणेच थांबवले, म्हणजे अडण्याचा प्रश्नच उरत नाही. घरच्यांना वाटले, सर शांत झाले आहेत. वय झाले.

ऑक्टोबरच्या शेवटी ते परतले आणि आजी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. सर खाली मान घालून बसले होते. मी सवयीप्रमाणे सगळी औषधे टेबलावर ठेवायला सांगितली. रक्तदाबाची, मधुमेहाची, आणि आजींच्या पिशवीच्या तळातून निघालेली एक अमेरिकन बाटली. "झोपेची आहे, पण साधीच. तिकडे चिठ्ठीशिवाय मिळते," त्या म्हणाल्या. जूनमध्ये जागरणांनी झोपेची घडी विस्कटल्यापासून सर ती रोज घेत होते.

त्या गोळीत डायफेनहायड्रामीन होते. हे जुन्या पिढीतले ॲलर्जीचे औषध. त्याने गुंगी येते म्हणून ते झोपेसाठीही विकले जाते. स्मरणाच्या कामात मेंदू ज्या ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनावर अवलंबून असतो, त्याचेच कार्य हे औषध अडवते. तरुण शरीर ते लवकर बाहेर टाकते. वृद्ध शरीरात ते रेंगाळते. मग दिवसा डोक्यात धुके, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवीला अडथळा, तोल जाणे. अमेरिकेतील वृद्धोपचारतज्ज्ञ पासष्टीपुढील रुग्णांसाठी जी टाळावयाच्या औषधांची यादी प्रसिद्ध करतात, त्या यादीत हे औषध आहे. आणि तरीही तेथील दुकानात ते फळीवरून उचलून घेता येते. आपल्याकडेही सर्दी-खोकल्याच्या कित्येक मिश्रणांत याच कुळातली औषधे असतात. घरी एवढे पाहा, की रुग्णाच्या नकळत किंवा डॉक्टरांच्या नकळत घेतली जाणारी अशी कोणती बाटली आहे का.

सरांना स्मृतिभ्रंश झाला होता काय? मी तपासून पाहिले. तशी चिन्हे नव्हती. परंतु तीन महिने त्या घरात हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, कारण उत्तर विनोदात आधीच मिळाले होते. माझा राग आहे तो यावर. नातवावर नाही. मुलाने घरात आणि बाहेर रोज जे ऐकले, तेच म्हटले.

अध्यक्ष होऊ पाहणाऱ्या माणसाची क्षमता तपासण्याचा मतदारांना अधिकार आहे, आणि ८१ व्या वर्षी तो प्रश्न विचारणे रास्तच होते. पण विनोद निदान करू शकत नाही, कोणत्याच बाजूने. १९८४ सालचे उदाहरण पाहा. रोनाल्ड रेगन ७३ वर्षांचे होते आणि पहिल्या वादविवादात ते चाचपडले होते. दुसऱ्या वादविवादात वयाचा प्रश्न येताच, प्रतिस्पर्ध्याचे तारुण्य आणि अननुभव यांचा आपण राजकीय लाभ उठवणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ५६ वर्षांचे वॉल्टर माँडेलसुद्धा हसले आणि तो विषय तेथेच मिटला. दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९९४ मध्ये, आपल्याला अल्झायमर झाल्याचे रेगन यांनी पत्राद्वारे देशाला कळवले. एका विनोदाने रास्त प्रश्न बंद केला. चाळीस वर्षांनी शेकडो विनोदांनी तपासणीवाचूनच उत्तर देऊन टाकले.

आम्हा डॉक्टरांनीही हा मोह अनुभवला आहे. १९६४ च्या निवडणुकीत एका नियतकालिकाने बारा हजारांहून अधिक मनोविकारतज्ज्ञांना विचारले, की बॅरी गोल्डवॉटर मानसिकदृष्ट्या अध्यक्षपदास योग्य आहेत काय? उत्तरे २,४१७ आली. त्यांतील १,१८९ जणांनी अयोग्य म्हणून शेरा मारला. यांना ते रुग्ण म्हणून कधी भेटले नव्हते. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण बदनामीचा दावा जिंकले. १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला, की प्रत्यक्ष तपासणी आणि संमती यांवाचून सार्वजनिक व्यक्तीचे निदान जाहीर करू नये. बायडेन यांना लहानपणापासून बोलताना अडखळण्याचा त्रास होता. त्या रात्री सर्दी होती असे त्यांच्या मंडळींनी सांगितले. इतरांना त्यात गंभीर विकार दिसला. पडद्यावरून यातले काही ठरत नाही. जेवणाच्या टेबलावरूनही नाही.

मग घरच्यांनी पाहावे काय? नाव जिभेवर येऊन अडणे आणि तासाभराने आपोआप आठवणे, हे बहुधा वयाचे लक्षण. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, जन्मभर सांभाळलेला हिशेब अचानक न जमणे, शेकडो वेळा केलेल्या आमटीचा क्रम विसरणे, स्वभावच पालटणे, हे दिसले तर तपासणी करून घ्या. त्यातही थायरॉईडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, कमी ऐकू येणे अशी उपचार करता येण्याजोगी कारणे निघू शकतात. आणि काल नीट असलेले माणूस आज असंबद्ध बोलू लागले, तर ते वय नव्हे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम घटणे, साखर उतरणे, नवे औषध, डोक्याला मार, पक्षाघात, काहीही असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासणीत घड्याळाचे चित्र काढायला, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगतात. ३० गुणांची ही चाचणी माँट्रियलमध्ये तयार झाली. २०२० मध्ये ट्रम्प यांनी मुलाखतीत अशा चाचणीतले पाच शब्द म्हणून दाखवले आणि त्याचेही हसे झाले. तेव्हापासून काही रुग्णांना घड्याळ काढताना कोणीतरी थट्टा करत असल्यासारखे वाटते. ती बुद्धिमत्तेची परीक्षा नव्हे, केवळ चाळणी आहे. घरी पाठ करून येऊ नका. चाळणीची छिद्रे बुजवून पीठ चाळल्यासारखे होईल.

थट्टा अंगी मुरते, हे मी नुसत्या अनुभवावरून म्हणत नाही. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी ओहायोतील एका गावातील पन्नाशीपुढील ६६० व्यक्तींच्या नोंदी अभ्यासल्या. स्वत:च्या वार्धक्याकडे आश्वासक दृष्टीने पाहणारे इतरांपेक्षा सुमारे साडेसात वर्षे अधिक जगल्याचे २००२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. केवळ दृष्टीमुळेच आयुष्य वाढले असे यावरून सिद्ध होत नाही. पण संबंध दुर्लक्ष करण्याजोगा नाही. भांडणाचेही तसेच. २०१६ च्या निवडणुकीनंतरच्या दोन दिवसांत दक्षिण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसेवेत हृदयविकार व पक्षाघातासाठी दाखल होण्याचे प्रमाण आधीच्या आठवड्यातील त्याच दोन दिवसांच्या १.६२ पट आढळले. तेव्हा घरात वाद रंगला असेल तर त्या घटकेला आजोबांचा रक्तदाब मोजू नका, आणि मोजून घाबरू तर मुळीच नका. टीव्ही बंद करा, पाच मिनिटे शांत बसू द्या, मग पट्टा बांधा.

सरांची गोळी थांबवली. झोपेसाठी दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासावर आणली, संध्याकाळचा चहा बंद केला. त्यावरून पतिपत्नींत जो वाद झाला तो अमेरिकेतल्या वादाहून कमी नव्हता. पहिला आठवडा रात्री जड गेल्या. हळूहळू डोक्यावरचे धुके विरू लागले.

६ नोव्हेंबरला दुपारी आपल्याकडे निकाल स्पष्ट होत होता. ट्रम्प जिंकले होते. न्यू जर्सीत तेव्हा पहाट. नातवाचा फोन आला. घरात कोणी झोपलेच नव्हते, आई एका खोलीत आणि बाबा दुसऱ्या, त्याला कंटाळा आला होता. तो म्हणाला, "आजोबा, त्या नदीचं पुढे काय झालं?" सर बोलू लागले. नदीच्या नावापाशी आले आणि थांबले. मुलाने फोन तसाच धरून ठेवला, असे आजींनी मला सांगितले.

"जगबुडी," सर म्हणाले.

मग त्या नावाचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगण्यात अर्धा तास गेला.