ठसा एकाचा, शिक्का जमातीला

कोलकात्यात १८९७ साली बोटांच्या ठशांचे कार्यालय उघडले. जगातले हे पहिलेच. वर्गीकरणाची किचकट पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या देशी पोलिसांचा मोठा वाटा, नाव मात्र साहेबाचे, बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्रींचे. दोन माणसांचे ठसे कधी जुळत नाहीत, हा त्या शास्त्राचा पाया. त्याच सरकारचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मात्र अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवून एका मापाने मोजत होता. १९११ च्या कायद्याने तर नोंदलेल्यांचे ठसे कधीही घेण्याची मुभा दिली. गुन्हा घडायची वाट कशाला पाहायची?

३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. १९५२ साली याच दिवशी गुन्हेगार जमाती कायदा गेला आणि या जमाती विमुक्त ठरल्या.

गुन्हेगार जन्मावा लागतो, हे इटलीच्या लोंब्रोसोने १८७६ मध्ये कवट्या तपासून मांडले. आमच्याकडे पाच वर्षे आधीच तसा कायदा झाला होता, तोही एकही कवटी न मोजता. पुढे अमेरिकेचा गुन्हेशास्त्रज्ञ सदरलंड म्हणाला, गुन्हा रक्तात नसतो, संगतीत शिकला जातो. १९६३ मध्ये समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरने शिक्का मारणाऱ्या समाजालाच समोर उभे केले. चोर ठरवलेल्याला काम मिळत नाही आणि बेकार दिसला की पोलीस उचलतात, हे लिहायला 'उचल्या' हे आत्मकथन लिहिणाऱ्या लक्ष्मण गायकवाडांना बेकर वाचावा लागला नव्हता.

फेब्रुवारी १९९८. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात विमुक्त शबर जमातीच्या बुधन शबरला पोलिसांनी पकडले; आठवडाभरात तो कोठडीत मेला. गळफास घेतला, असे सांगण्यात आले. शबरांनी प्रेत घरातच पुरले आणि चितेवर पुतळा जाळला, पुन्हा शवविच्छेदन करता यावे म्हणून. निरक्षर म्हणवल्या गेलेल्या माणसांची ही पुराव्याची जाण! लेखिका महाश्वेतादेवींच्या संघटनेने कलकत्ता उच्च न्यायालय गाठले. न्या. रुमा पाल यांनी भरपाई आणि सीबीआय चौकशीचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला लावला. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. तरीही आपल्याकडे घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडेच का वळते, याचा जाब गृहखात्याकडे कोणी मागायचा? विमुक्त दिनी हारतुरे घेऊन वस्तीवर जाणाऱ्या पुढाऱ्यांनी तेवढे तरी करावे.