झाकणे आणि पुसणे

आम्ही मराठीचे अध्यापक. फोटोशॉपशी आमचा संबंध महाविद्यालयाच्या वार्षिकांकापुरता. यंदा मुखपृष्ठासाठी एक जुने समूहछायाचित्र घेतले. विद्यार्थ्याने त्याच्या थराला 'लेयर मास्क' जोडला आणि मास्कवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 'ग्रेडियंट' ओढला. मास्क पांढरा असेल तेथे चित्र दिसते, काळा असेल तेथे लपते, करड्या छटांत अर्धवट पारदर्शक होते. त्यामुळे छायाचित्राची कडा कापल्यासारखी न वाटता पार्श्वभूमीत विरून गेली. देखणे काम! अंक छापून आल्यावर ध्यानात आले, की नेमक्या त्या कडेला शिपाईमामा उभे होते.

याचा दोष साधनाला देणे आम्हांस मान्य नाही. खोडरबर पुसतो, मास्क केवळ झाकतो. तो बंद करताच मामा पडद्यावर जसेच्या तसे उभे राहिले. थर एकजीव करून जेपेग फाइल केली, की मात्र ही सोय संपते. म्हणून ग्रंथालयात छापील अंकासोबत मूळ छायाचित्र आणि थरांसह पीएसडी फाइलही जपावी, असा आमचा आग्रह आहे. आणि चित्र कोठून विरू द्यायचे, हे संपादक मंडळाने स्वतः पाहावे. यंदा ते आम्ही त्या मुलावर सोडून दिले होते.