ट्रँपोलीन आणि धाकटें मूल

सुट्टी लागली कीं मुलांना ट्रँपोलीनवर उड्या मारावयास नेण्याची हौस अलीकडे मोठ्या शहरांतून वाढत आहे. परदेशीं राहणाऱ्या आपल्या कांहीं कुटुंबांत तर तें परसदारींच मांडलेलें असतें. लोखंडी चौकटीस स्प्रिंगांनीं ताणून बसविलेली ती चादर मुलांस मोह घालते यांत नवल नाहीं. तथापि तींतील खरा धोका कोठें आहे हें फार थोड्या घरांत ठाऊक असतें, म्हणून त्याविषयीं येथें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें १९९९ सालीं व पुनश्च २०१२ सालीं घरगुती ट्रँपोलीनविरुद्ध स्पष्ट मत दिलें. तिच्या २०१२ च्या निवेदनाप्रमाणें सुमारें तीनचतुर्थांश दुखापती अनेक जण एकदम उड्या मारीत असतां होतात. आणि अशा वेळीं सर्वांत लहान मुलास इजा होण्याचा संभव त्याच्या वजनदार सोबत्यांच्या १४ पटींपर्यंत असतो. याचें कारण सोपें आहे. थोरला धपकन् उतरला कीं चादर खोल दबते व लागलीच वर उसळते. नेमकें त्याच क्षणीं धाकटें मूल खालीं येत असेल, तर वर येणाऱ्या चादरीचा सारा जोर त्याच्या कोवळ्या पायांवर बसतो. तें चादरीबाहेर पडत नाहीं, कोणावर आदळत नाहीं, तरीहि गुडघ्याच्या किंचित् खालीं नडगीचें हाड मोडतें.

दुसरा धोका कोलांटीचा. ती चुकून मूल मानेवर पडल्यास कण्याला कायमची इजा होऊं शकते. असे प्रसंग विरळा. पण त्यांस उपाय नसतो.

भोंवतीं जाळी आहे, शेजारीं वडील माणूस उभें आहे, एवढ्यावर विसंबणें बरें नव्हे. एकतृतीयांश ते निम्म्या दुखापती मोठ्यांच्या देखरेखींतच झाल्याचें त्याच निवेदनांत नमूद आहे.

एकत्र कुटुंबांत ‘धाकट्यालाहि बरोबर घे’ असें थोरल्यास सांगण्याची रीत आहे. ती प्रेमाची खरी. पण या एका खेळांत तीच घातक ठरते. म्हणून चादरीवर एका वेळीं एकच मूल असावें, सहा वर्षांखालील मुलास चढवूं नये व कोलांटीस साफ मनाई असावी. उडी मारल्यावर मूल पाय टेकीत नसेल, तर तेल चोळीत न बसतां डॉक्टरांस दाखवावें. मान दुखते म्हणाल्यास त्याला उचलूं अगर बसवूं नये. निजल्या जागीं स्थिर ठेवून रुग्णवाहिका बोलवावी. धाकट्याचें थोडें रडें पतकरलें, पण मोडलेलें हाड नको, असेंच कोणतीहि सुज्ञ माता म्हणेल.