खरेदीखत की भाडेचिठ्ठी?

गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने वर्षभर साठवलेल्या पैशांतून संगणकावरचा एक गेम विकत घेतला. पोराने स्वतःच्या पैशाने काही घेतले म्हणजे आजोबाने ते पाहावे, तोंडभर कौतुक करावे, ही आपल्याकडची रीत. मी चष्मा पुसून त्याच्या खोलीत गेलो.

"कुठे आहे रे तुझा खेळ? दाखव बघू."

"हा काय आबा, माझ्या खात्यात आहे." त्याने पडद्याकडे बोट केले.

"खोके नाही? तबकडी नाही?"

"आता तसलं काही नसतं, आबा."

"बरं. मन भरलं म्हणजे धाकटीला देऊन टाकशील ना?"

"देऊन टाकता येत नाही. खातं माझ्या नावावर आहे."

"मग विकून टाक."

"विकताही येत नाही."

"अरे, मग तू घेतलंस तरी काय?"

यावर तो हसला. पण उत्तर काही त्याने दिले नाही. ते उत्तर शोधण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

प्रथमच सांगून टाकतो, की खेळाने पोरे बिघडतात असे रडगाणे मला गायचे नाही. आमच्या पिढीने पत्त्यांत घालवलेल्या रात्रींचा हिशेब कोणी मागितला तर आम्हालाच खाली मान घालावी लागेल. माझे भांडण खेळाशी नाही. खेळ ज्या शब्दांत विकला जातो, त्या शब्दांशी आहे.

या नव्या दुकानांचे गुणही मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. अंबड तालुक्यातले आमचे अंकुशनगर म्हणजे साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. इथे उसाची ट्रॉली हवी तेवढी मिळेल. पण संगणकाच्या खेळाची तबकडी मागितली तर दुकानदार तुमच्याकडे टक लावून पाहील. पूर्वी अशी वस्तू हवी तर जालना किंवा संभाजीनगर गाठावे लागे, आणि तिथेही फुटपाथवर पुष्कळदा चोरीची नक्कलच पदरात पडे. आज अंकुशनगरचा मुलगा आणि न्यूयॉर्कचा मुलगा एकाच दिवशी एकच खेळ घेऊ शकतो. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम' हे दुकान २००३ साली उघडले. २०१५ पासून तिथे रुपयांत किमती दिसू लागल्या. त्याच वर्षी परताव्याचा नियम आला : घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. एकदा नेसलेली साडी परत घेणारा कापडवाला मला तरी आजवर भेटलेला नाही!

आणखी एक गुण सांगतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ केला. तो २०२० साली बाजारात आला. धाकट्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली बहीण, अशी त्याची कथा. भाऊबिजेला शोभेल असा हा खेळ पुण्यात घडला आणि जगभरच्या घरांत पोहोचला. तबकड्या छापून देशोदेशी धाडायच्या म्हटल्या असत्या, तर त्या तरुणांचे भांडवल जहाजभाड्यातच गेले असते. दुकानदार आपली दलाली घेतो, स्टीमची तर साधारणपणे तीस टक्के. पण बाजारपेठ देतो, हेही खरे.

इतके सगळे मान्य करूनही माझा मूळ प्रश्न तसाच उरतो. त्या दुकानात बटणावर लिहिलेले असते, विकत घ्या. करारात मात्र लिहिलेले असते, की तुम्हाला फक्त वापरण्याचा परवाना दिला आहे आणि तुमचे खाते दुसऱ्याला देता येणार नाही. म्हणजे दर्शनी पाटीवर खरेदीखत आणि आतल्या कागदावर भाडेचिठ्ठी! बरे, भाडेकरूला मुदत तरी ठाऊक असते. इथे मुदत घरमालकाच्या मनात.

ही नुसती शंका नव्हे. यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली आला. एकट्याने खेळायचा तरी तो कंपनीच्या यंत्राशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ती यंत्रे बंद केली आणि पैसे मोजून घेतलेला खेळ साऱ्या जगात एका दिवसात निकामी झाला. ज्यांच्याजवळ तबकडी होती, त्यांच्या हाती नुसती चकती उरली. पुस्तकांचीही गत वेगळी नाही. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, कारण त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण विकलेले पुस्तक परत न्यायला पुस्तकविक्रेता रात्री आपल्या कपाटाशी आला, तर आपण त्याला काय म्हणू?

प्रतिपक्ष म्हणतो, सिनेमाचे तिकीट काढले म्हणून खुर्ची तुमची होते काय? मुळीच नाही. पण थिएटरवाला खुर्ची विकत घ्या असे कधी म्हणत नाही. दुसरा आक्षेप असा, की पुस्तक घेतले तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लेखकाचाच राहतो. कबूल. पण ती प्रत माझी असते. ती मी शेजाऱ्याला देईन, रद्दीत घालीन, नाही तर नातवासाठी ठेवीन. तिसऱ्या आक्षेपात मात्र जोर आहे. पुस्तक हाताळून जुने होते. संगणकातली वस्तू जुनी होत नाही. ती सर्रास फेरविक्रीला निघाली तर नवी कोण घेणार, आणि खेळ करणाऱ्याने खायचे काय? पॅरिसमध्ये यावरच खटला चालला. २०१९ साली खालच्या न्यायालयाने फेरविक्रीच्या बाजूने कौल दिला. २०२२ साली वरच्या न्यायालयाने तो फिरवला. म्हणून फेरविक्रीचा हट्ट मी धरीत नाही.

पण वारसा? आमच्याकडे साध्या शेतकऱ्याजवळही कारखान्याचा एखादा भाग असतो. तो सभासद वारला तर भाग त्याने नेमलेल्या माणसाच्या किंवा वारसाच्या नावे होतो. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातच ती तरतूद आहे. उसाच्या भागाला जो मान आहे, तो पोराने पै पै जमवून घेतलेल्या वस्तूला का नसावा? स्टीमने २०२४ साली एका घरातल्या सहा जणांना खेळ वाटून घेण्याची सोय केली, हे चांगलेच झाले. पण ती सोय एका छपराखालची आहे. नातू शिकायला बाहेरगावी गेला, नात सासरी गेली, म्हणजे काय करायचे?

माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली : जे भाड्याने देता, त्याला भाडे म्हणा. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून तसा कायदाच लागू केला; परवाना देत असाल तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगा, नुसते 'विकत घ्या' म्हणू नका. फसव्या जाहिरातीला आळा घालणारा ग्राहक संरक्षण कायदा आपल्याकडेही २०१९ चा आहे. त्याच्या कक्षेत हे बटण का येऊ नये? दुसरी : यंत्रे बंद करताना खेळ चालू राहील अशी व्यवस्था करून जा. युरोपात याच मागणीच्या अर्जावर २०२५ च्या जुलैत दहा लाखांवर सह्या झाल्या. तिसरी : खाते वारसाला मिळू द्या.

हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. पोलंडमधले जीओजी हे दुकान २००८ पासून कुलूप न लावलेले खेळ विकते. एकदा उतरवून आपल्या डिस्कवर ठेवले, की दुकान बंद पडले तरी खेळ आपल्याजवळ राहतो. तेव्हा आई-बापांना माझा सल्ला एवढाच : मुलाने पैसे मागितले तर द्या, पण आधी त्याला विचारायला लावा, की हे आपल्याजवळ राहील काय? राहणार असेल तर पुरी किंमत द्या. नसेल तर भाड्याला शोभेल इतकीच द्या. हे खेळ सवलतीत वारंवार निघतात, तोवर वाट पाहा.

हातातल्या या दिवाळी अंकाकडेच पाहा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. अंक एकजण घेतो आणि दहाजण वाचतात. शेजारीण नेते, वाचनालयात जातो, कव्हर फाटून परत येतो, आणि त्यावाचून कोणताही प्रकाशक बुडाल्याचे मी ऐकलेले नाही. नातवाला मी हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आबा, यंदा धाकटीला भाऊबिजेला गेम द्यायचाय. तो कुलूप नसलेलाच बघतो."