आधी स्टायलस, मग टॅबलेट

स्टायलस एकटा काही करत नाही. त्याचे टोक आणि काचेखालचा संवेदक मिळून एक यंत्र होते, आणि त्यातला अर्धा भाग टॅबलेट विकत घेतला त्याच दिवशी ठरून गेलेला असतो. बाजारात मात्र क्रम उलटा दिसतो. टॅबलेट घेताना पडदा, बॅटरी, मेमरी आणि किंमत पाहिली जाते. त्याला चालणारा पेन मागाहून शोधला जातो. चित्रपट पाहण्यासाठी किंवा टिपणे काढण्यासाठी हे चालून जाते. चित्रकार, व्यंगचित्रकार आणि सुलेखनकार यांच्या बाबतीत मात्र हजारो रुपये अशाच खरेदीत वाया जातात.

आजच्या फोन-टॅबलेटांचा पडदा कपॅसिटिव्ह असतो. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहकांची जाळी असते. बोट जवळ आले की तिथली धारकता बदलते आणि त्या बदलावरून स्पर्शाची जागा काढली जाते. ही जाळी बोटाच्या मापाची असते. सुईसारखे बारीक टोक तिच्या लेखी जवळपास नसतेच. म्हणून सर्वांत स्वस्त स्टायलसला पाच-सात मिलिमीटर रुंदीचे रबरी बोंड असते. रेघ नेमकी कुठे उमटणार हे त्या बोंडाखाली झाकलेले राहते. काहींना रबराऐवजी पारदर्शक प्लास्टिकची चकती असते. तिच्यातून पडदा दिसतो, पण चकती काचेवर घसरते, टकटक वाजते आणि लवकर तुटते. या दोन्ही प्रकारांत दाब नाही, झुकाव नाही, आणि तळहात पडद्यावर टेकवण्याची सोय नाही. फोनवर कच्चे आराखडे करायला किंवा रंग भरायला ते पुरेसे आहेत. त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

खरी फसगत होते ती याच्या पुढच्या पायरीवर. ‘सर्व फोनवर चालणारा’ असे लिहिलेले, बारीक टोकाचे, चार्ज करावे लागणारे पेन ऑनलाइन बाजारात शेकड्याने मिळतात. त्यांच्यातले विद्युतमंडल टोकाशी असा संकेत निर्माण करते की पडद्याला बोट टेकल्याचा भास व्हावा. टोक बारीक दिसते, बॅटरी आहे, दिवा लागतो. पण पडद्याच्या दृष्टीने ते बोटच असते. ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द खोक्यावर असला तरी दाबाची नोंद होत नाही. आयपॅडसाठीच्या स्वस्त पेनांची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१८ पासूनच्या आयपॅडवर त्यातले बरेच पेन झुकाव ओळखतात आणि तळहाताचा स्पर्शही वगळला जातो, पण दाब बहुतेकांत नसतो. जाहिरातीत ‘टिल्ट सेन्सिटिव्हिटी’ ठळक असते आणि प्रेशरचा उल्लेख नसतो. पेन आडवा केला की रेघ जाड होते, आणि नवख्याला तोच दाब वाटतो. लॉजिटेकचा क्रेयॉन हा नावाजलेल्या कंपनीचा, मजबूत पेन; दाब मात्र त्यातही नाही.

दाब ओळखणाऱ्या पेनांची मुख्य घराणी दोन. पहिले विद्युतचुंबकीय अनुनादाचे, म्हणजे ईएमआरचे. ते जपानच्या वॅकॉम कंपनीने रुजवले. कंपनीची स्थापना १९८३ची. पडद्यामागे एक संवेदक पाटी असते. ती क्षणभर चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, पेनमधली तारेची गुंडाळी त्यातून ऊर्जा घेऊन कंप पावते, आणि पाटी लगेच गप्प होऊन तो प्रतिसाद ऐकते. टोक दाबले की पेनच्या मंडलाचे गुणधर्म किंचित बदलतात, तोच दाब. पेनला बॅटरी लागत नाही, म्हणून तो हलका असतो आणि वर्षानुवर्षे चालतो. सॅमसंगने २०११च्या गॅलक्सी नोटपासून हे तंत्र वापरले. गॅलक्सी टॅब एस मालिकेतल्या बहुतेक टॅबलेटांत, आणि एस मालिकेच्या अल्ट्रा फोनांत एस२२ अल्ट्रापासून, हा ‘एस पेन’ खोक्यातच मिळतो. त्यातली ब्लूटूथची बॅटरी केवळ दुरून फोटो काढणे वगैरे कामांसाठी होती. एस२५ अल्ट्रामध्ये ब्लूटूथ काढून टाकले, आणि चित्रकाराचे त्यात काहीही गेले नाही.

ईएमआरचा दुसरा लाभ कमी लोकांना ठाऊक असतो. फोनच्या पोटात मावणारा एस पेन सुमारे तीन ग्रॅमचा आणि काडीसारखा. तासभर रेखाटन केले की बोटे आखडतात. पण स्टेडलर किंवा लॅमी यांनी बनवलेले जाड, हातात बसणारे ईएमआर पेन सॅमसंगच्या पडद्यावर सहसा चालतात. वॅकॉमच्या सिंटिक किंवा इंट्युऑस पाट्यांचे पेन मात्र चालत नाहीत, कारण तत्त्व एक असले तरी जुळणी वेगळी आहे. घडीच्या फोनांबाबत तर जास्तच सावध राहावे. झेड फोल्डच्या मऊ पडद्याला वेगळा पेन लागत असे, आणि २०२५च्या फोल्ड ७ मध्ये स्टायलसची सोयच काढून टाकण्यात आली. चुंबकाची पट्टी असलेले कव्हरही ईएमआरला त्रास देते: कव्हर मागे दुमडले की रेघ टोकापासून सरकते. पेन बिघडल्याची तक्रार करण्याआधी कव्हर काढून पाहावे.

दुसऱ्या घराण्यात पेन स्वतः संकेत सोडतो आणि स्पर्शाची जाळीच तो टिपते. त्यासाठी पेनला बॅटरी हवी. ॲपल पेन्सिल, मायक्रोसॉफ्ट सरफेसचे पेन, यूएसआय मानकाचे पेन, वनप्लसचा स्टायलो, शाओमीचा पेन हे सारे इथले. प्रत्येकाची भाषा निराळी. एकाचा पेन दुसऱ्याच्या काचेवर मुका. यूएसआय या मानकाचा उद्देशच हा गोंधळ मिटवण्याचा होता. त्याची दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये आली, काही क्रोमबुकांनी आणि गूगलच्या पिक्सेल टॅबलेटने ते स्वीकारलेही, पण बाजारातले मोठे खेळाडू आपापल्या पेनाला चिकटून राहिले.

ॲपलच्या चार पेन्सिली म्हणजे या गोंधळाचा अर्कच. पहिली २०१५ची, दुसरी २०१८ची, यूएसबी-सीवाली २०२३ची आणि पेन्सिल प्रो २०२४ची. यातली यूएसबी-सी पेन्सिल दाब ओळखत नाही. नवी, देखणी, त्यातल्या त्यात स्वस्त, आणि चित्रकलेला सर्वांत कमी उपयोगाची. साध्या आयपॅडवर, म्हणजे दहाव्या पिढीच्या किंवा त्यानंतरच्या ए१६ आयपॅडवर, दाब हवा असेल तर पहिल्या पिढीची जुनी पेन्सिलच घ्यावी लागते, आणि तिच्या जोडणीसाठी वेगळा ॲडाप्टर लागतो. पेन्सिल प्रो २०२४ पासूनच्या आयपॅड प्रो, एअर आणि मिनीवर चालते. त्याच यंत्रांवर दुसऱ्या पिढीची पेन्सिल चालत नाही. जुना आयपॅड बदलून नवा घेताना ‘पेन्सिल तर आहेच’ हा हिशेब त्यामुळे चुकतो. आयफोनवर तर यातली एकही चालत नाही.

खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा असतो प्रेशर लेव्हलचा: ४०९६, ८१९२, हल्ली १६,३८४. या आकड्यावर पेन निवडणे निरर्थक आहे. नेहमीच्या आठ बिटांच्या फाइलमध्ये अपारदर्शकतेच्या पायऱ्या २५६ असतात, आणि साठ पिक्सेलच्या ब्रशची जाडी दाबाने बदलली तरी डोळ्याला जाणवतील असे टप्पे साठच्या आसपास. ४०९६ च्या पुढे हाताला फरक कळण्याचे कारण उरत नाही. खरा फरक पडतो तो रेघ सुरू व्हायला लागणाऱ्या किमान दाबाने. चांगल्या पेनाला एखाद-दोन ग्रॅमचा स्पर्श पुरतो. कमी प्रतीच्या पेनाला त्याच्या कित्येक पट दाब द्यावा लागतो, आणि तोवर काचेवरून टोक कोरडेच फिरते. भुवयांच्या, केसांच्या, पाण्यावरच्या तरंगांच्या हलक्या रेषा इथेच मरतात. हा आकडा बहुतेक कंपन्या छापतच नाहीत. प्रोक्रिएट, क्लिप स्टुडिओ, क्रिता अशा ॲपमध्ये दाबाचा वक्र बदलता येतो, आणि जड हाताच्या चित्रकाराने तो जरूर बदलावा; पण जो हलका स्पर्श पेनाने नोंदवलाच नाही, तो कोणताही वक्र परत आणू शकत नाही.

दुसरी परीक्षा तिरप्या रेघेची. पट्टी लावून पडद्यावर अगदी सावकाश तिरपी रेघ ओढावी. जाळीच्या दोन तारांमधली जागा गणिताने काढलेली असते. त्या गणितात खोट असेल तर सरळ रेघेत ठरावीक अंतराने लाट दिसते. भरभर ओढलेल्या रेघेत ती लपते. ॲपमधले स्टॅबिलायझर ती झाकते, म्हणून चाचणी घेताना ते शून्यावर ठेवावे. वास्तुचित्रे किंवा शाईकाम करणाऱ्यांनी ही चाचणी टाळूच नये.

टोक आणि रेघ यांच्यातला विलंब आता पूर्वीइतका गंभीर प्रश्न राहिलेला नाही. ॲपलने २०१९ मध्ये तो २० मिलिसेकंदांवरून ९ वर आणला, सॅमसंगने एस२२ अल्ट्रासाठी २.८ चा दावा केला. अशा आकड्यांत रेघ पुढे कुठे जाणार याचा अंदाज बांधणारी सॉफ्टवेअरची करामतही धरलेली असते. साठ हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी आणि १२० हर्ट्झचा दर ८.३ मिलिसेकंदांनी ताजा होतो. पेन बदलण्यापेक्षा हा फरक हाताला अधिक जाणवतो. मोठ्या कॅनव्हासवर चाळीस लेयर चढवून रेघ मागे पडू लागली, तर दोष पेनाचा नसतो. काच आणि चित्र यांच्यातली हवेची फट मात्र तपासावी. साध्या आयपॅडसारख्या पडद्यांत ती असते, आणि टोक रेघेच्या किंचित वर तरंगल्यासारखे दिसते.

देवनागरी सुलेखन करणाऱ्यांची गरज या साऱ्यांहून वेगळी आहे. बोरूच्या अक्षरातला जाड-बारीकपणा दाबातून येत नाही; तो कापलेल्या टोकाचा कोन धरून ठेवण्यातून येतो. त्यामुळे सुलेखनकाराला दाबाच्या पातळ्यांपेक्षा पेन स्वतःभोवती किती फिरला याची नोंद मोलाची. ती करणारे पेन मोजकेच: टॅबलेटांत ॲपल पेन्सिल प्रो, आणि संगणकाला जोडायच्या पाट्यांत वॅकॉमचा आर्ट पेन. एस पेन झुकाव ओळखतो, फिरणे ओळखत नाही. ते नसतानाही काम अडत नाही. चपट्या ब्रशचा कोन ॲपमध्ये पक्का करून ठेवला की नेहमीच्या वळणाची अक्षरे नेटकी येतात. लिहिता लिहिता टोक फिरवण्याची नजाकत तेवढी हरवते. ॲपसोबत येणारे तयार सुलेखन-ब्रश बहुधा लॅटिन लिपीच्या कोनावर बेतलेले असतात. देवनागरीसाठी कोन बदलून स्वतःचा ब्रश साठवून ठेवावा.

टोक ही झिजणारी वस्तू आहे, हे खरेदीच्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. कागदासारखा खरखरीतपणा देणारी मॅट फिल्म लावली की रेघेवर ताबा येतो, पण तीच फिल्म टोक घासते आणि चित्राचा लखलखीतपणा थोडा घालवते. रंगाचे अंतिम काम करणाऱ्यांनी ती लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा. रेखाटन आणि सुलेखन करणाऱ्यांना ती बहुधा आवडते. ॲपलची टोके वेगळी विकत मिळतात, ईएमआरची चिमट्याने ओढून बदलता येतात. ज्या पेनाचे सुटे टोक भारतात मिळत नाही तो पेन घेऊ नये. झिजलेले टोक तसेच वापरले तर काचेवर ओरखडे पडतात, आणि काच बदलणे पेनापेक्षा महाग.

हातातला फोन साधाच असेल आणि नव्या टॅबलेटची ऐपत नसेल, तर शे-दोनशेच्या पेनांमागून पेन घेण्याऐवजी पडदा नसलेली छोटी पेन-पाटी घ्यावी. वॅकॉम, हुइऑन आणि एक्सपी-पेन यांच्या काही पाट्या ओटीजीने अँड्रॉइड फोनला जोडता येतात. जोडणीची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर असते. खरा दाब त्यात मिळतो आणि उद्या संगणक आला तरी पाटी उपयोगी पडते. नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे, ही सवय व्हायला काही आठवडे जातात. फोन उभा असेल तर पाटीचा थोडाच भाग कामी येतो, हीही एक कटकट. बोटाने किंवा रबरी टोकाने आयबिस पेंटमध्ये उत्तम चित्रे करणारे आहेतच. तिथे जाड-बारीक रेघ हाताच्या वेगावरून बनवली जाते, आणि त्यावर हुकमत मिळवणे हेही कौशल्यच आहे.

खरेदीचा क्रम असा असावा: आधी कामाला काय हवे ते ठरवावे, त्यासाठी पेन निवडावा, आणि तो पेन ज्यावर चालतो तो टॅबलेट घ्यावा. दुकानात स्वतःच्या सवयीचे ॲप उघडून हलकी रेघ, सावकाश तिरपी रेघ आणि तळहात टेकवून काढलेली रेघ, एवढे तरी पाहावे. कलामहाविद्यालयांतील शिक्षकांना एक विनंती. विद्यार्थ्यांना देण्याच्या साहित्याच्या यादीत नुसते ‘टॅबलेट व स्टायलस’ असे लिहू नये. ‘दाब ओळखणारा स्टायलस’ असे लिहावे आणि शक्य तर दोन-तीन चालणाऱ्या जोड्यांची नावे द्यावीत.