पेशींतील पहारेकरी

पारोळ्याच्या किल्ल्याच्या दाराशीं एके काळीं पहारा असे. आपल्या पेशींतही तसाच एक पहारेकरी आहे. पी-५३ हें त्या जनुकाचें नांव. पेशींतील वंशद्रव्यास इजा झाली कीं तें तिची वाढ थोपवितें, दुरुस्तीस अवसर देतें. दुरुस्ती न साधल्यास पेशीस मरावयास लावितें. सुमारें निम्म्या कर्करोगांत हेंच जनुक बिघडलेलें आढळतें, आणि तंबाखूंतील विषें त्यासच बिघडवितात. मुंबईचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तोंडाच्या कर्करोगाचे रोगी तेथें आजही येतच आहेत. तरी कित्येक वडील मुलाच्याच हातीं पैसे देऊन तंबाखूची पुडी आणवितात (वर उरल्या पैशांची गोळी घे म्हणतात!). हें आम्हांस मुळींच रुचत नाहीं. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें २००३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. परंतु दुकानदारास बोल लावण्याआधीं, पुडी कोणासाठीं नेली जात होती, हें पालकांनींच सांगावें.