निकाल नीट वाचा, मग बोला

बारावीचा निकाल लागला की संध्याकाळी वस्तीतले पालक मोबाईल घेऊन आमच्याकडे येतात. मागे एका भगिनीने मुलाला पुढे ढकलले. "भाऊ, हा नापास झाला. उद्यापासून कामाला लावते." मुलगा दोन दिवस जेवला नव्हता. आम्ही निकाल पाहिला. पाच विषयांत उत्तीर्ण, फक्त इंग्रजीत २९.

बंधू-भगिनींनो, निकाल वाचायला शिका. बैठक क्रमांक आणि आईचे नाव घातले की मंडळाच्या संकेतस्थळावर गुण दिसतात. मूळ गुणपत्रिका मात्र कॉलेजातून मिळते. तिच्यावरची नावे लगेच तपासा. सहा विषय, एकूण ६०० गुण. एकूण गुणांना ६ ने भागले की टक्के निघतात. उत्तीर्ण होण्यास विषयात ३५ हवेत.

गुण कमी वाटले तर दोन वाटा आहेत. गुणपडताळणीत बेरीज चुकली का, एखादे उत्तर तपासायचे राहिले का, एवढेच पाहतात. उत्तरे पुन्हा तपासून हवी असतील तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून कामाच्या ५ दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. २०२५ साली एका विषयाला पडताळणीचे ५०, छायाप्रतीचे ४०० आणि पुनर्मूल्यांकनाचे ३०० रुपये होते. आपल्या घरात ७०० रुपये म्हणजे एखाद्या दिवसाची मजुरी. म्हणून छायाप्रत आधी विषयाच्या शिक्षकांना दाखवा, मगच पुढचे पैसे भरा. मुदत थोडी असते, ती चुकवू नका.

त्या मुलाला आम्ही पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला लावला. वस्तीतल्याच एका कॉलेजच्या मुलीने रोज संध्याकाळी विहारात त्याची इंग्रजी घेतली. विषय सुटला. आज तो बी.ए.ला आहे.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे ३८ टक्क्यांच्याही आत. तरी समाजाने सभा भरवून त्यांचा सत्कार केला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. त्या दिवशी लोक टक्के मोजत बसले नाहीत.

तेव्हा निकालाच्या दिवशी मुलांना आधी जेवू घाला, मग गुणपत्रिका उघडा. आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला लगेच काढायला टाका, प्रवेशाबरोबर शिष्यवृत्तीचा अर्जही भरायचा आहे.

जयभीम!